तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी आणि शिरोलीचं गॅरेज

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं नको म्हणून मी ऑटोमॅटिक घेतली. सेकंडहँड, 2013 ची, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो, इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो) आणि चार गिअर. मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन येत होते. साखरपा मागं पडलं, आंबा घाट सुरू झाला आणि गाडीनं सणसणीत हिसका दिला. चेक इंजिनचा दिवा लागला, समोरच्या पट्टीवरचा ‘डी’ (म्हणजे ड्राइव्ह) लुकलुकायला लागला आणि गाडी तिसऱ्यात अडकली. पुढची एसटी वळणावर थांबली की मीही थांबायची, आणि परत निघताना गाडी बसलेल्या म्हशीसारखी, उठता उठेना.

याला लिम्प मोड म्हणतात. लिम्प म्हणजे लंगडणं, ते मला कुणी शिकवायला नको! गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला गडबड वाटली की तो गिअर बदलणं बंद करतो. आतलं काही जळू नये आणि माणूस कसाबसा घरी पोचावा म्हणून. घाटमाथ्यावर दहा मिनिटं बंद ठेवून चालू केली तर शहाण्यासारखी पळाली. मलकापुरात पुन्हा तेच.

शोरूममध्ये अर्ध्या तासात निकाल लागला: अख्खा गिअरबॉक्स बदला, 1 लाख 85 हजार. गाडीच्या कॉम्प्युटरनं बिघाडाचा कोड काय दिला विचारलं तर ‘पी 0700’, म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी गडबड, एवढंच.

मग भाच्यानं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका गॅरेजात नेलं. मिस्त्री तिशीतला. म्हणाला, “काकू, ह्यो कोड म्हंजे नुसती दाराची बेल. आत कोन हाय ते बघाय पायजे.” त्यानं आधी बॅटरीचे व्होल्ट मोजले, कारण करंट कमी पडला तरी ही नाटकं होतात म्हणे. मग ऑइलचा वास घेतला. काळपट होतं, पण जळका वास नव्हता. मग गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधून पुढचा कोड काढला: पी 0715, इनपुट स्पीड सेन्सर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा. त्याचा प्लग उघडून मला दाखवला, पिना गंजून हिरव्या पडलेल्या.

सेन्सर 3,200, चार लिटर ऑइल 2,900, मजुरी 1,750. एकूण 7,850. बाकीचं जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून हजार किलोमीटरनंतर पुन्हा ये, हे त्यानं आधीच सांगितलं. शेवटी मला शेजारी बसवून जोतिबाच्या चढावर गाडी पळवून दाखवली.

आता तक्रारी. “उद्या देतो” म्हणाला आणि चौथ्या दिवशी दिली. बसायला एक टायर आहे, माझ्या गुडघ्याला तो चालत नाही. कार्ड घेत नाहीत. पक्कं बिल तीनदा मागितलं तेव्हा मिळालं, तेही पेन्सिलनं.

चार तारे. ऑइलसाठी परवा पुन्हा जातेय, या खेपेला घरची खुर्ची डिकीत टाकून.