इंदूरमध्ये राइडिंग बूट घेतले, दीड तास लागला पण टाचेला बसले

पावसाळा सुरू व्हायच्या आधी नवे राइडिंग बूट घेतले आणि आता त्यात बाराशे किलोमीटरच्या वर झाले, म्हणून लिहायला बसलोय. हे माझे दुसरे बूट. पहिले ऑनलाइन मागवले होते, नऊ नंबर, कारण स्पोर्ट्स शूज मी कायम नऊचेच घेतो, आणि आले तेव्हा बोटं पुढे कुठेच लागत नव्हती म्हणून वाटलं मस्त बसले. ओंकारेश्वरला निघालो, सिमरोलपर्यंत काही कळलं नाही, मग भेरूघाटात वळणावर गिअर खाली टाकायचा तर बुटाचं नाक लिव्हरखालून पटकन निघेचना. पुढे अंगठ्याएवढी रिकामी जागा, त्यामुळे पाय कुठे संपतो आणि बूट कुठे संपतो याचा अंदाजच येत नव्हता. बडवाहला चहाला थांबलो, बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला, रुपयाएवढा फोड फुटलेला. त्याहून वाईट म्हणजे घोट्यावर जो कडक कप असतो ना, तो माझ्या घोट्याच्या हाडावर नव्हताच, बोटभर वर होता आणि हाड त्याच्या खालच्या कडेला घासत होतं. म्हणजे पडलो असतो तर ज्यासाठी एवढे पैसे घातले तेच हाड उघडं राहिलं असतं. हे डोक्यातून जाईना.

तर या वेळी आधी घरी माप घेतलं. संध्याकाळी घेतलं, दिवसभर उभं राहून-चालून पाय थोडे सुजतात, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो. जाड पुठ्ठ्यावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कोणाकडून तरी पायाभोवती रेघ मारून घ्यायची, आपणच वाकून मारली तर वजन सरकतं आणि माप चुकतं. माझा डावा निघाला २६३ मिलिमीटर आणि उजवा २५९. इतकी वर्षं माहीतच नव्हतं. चवडा सगळ्यात रुंद जागी १०४. बूट नेहमी मोठ्या पायावर घ्यायचा, दुसऱ्यात हवं तर पातळ इनसोल टाकता येतो.

आणि नंबरचा घोळ जरा समजून घ्या, कारण सगळे तिथेच फसतात. आपल्याकडे आठ-नऊ म्हणतात तो यूकेचा नंबर, त्यात एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. बाहेरच्या ब्रँडवर ४२-४३ लिहिलेलं असतं तो युरोपचा, तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास वाढतो. दोन्ही पट्ट्यांच्या पायऱ्याच वेगळ्या, त्यामुळे एक कंपनी ४२ ला आठ म्हणते, दुसरी साडेसात म्हणते, आणि रुंदीबद्दल तर यातला एकही आकडा काही सांगत नाही. माझ्या मापाला हिशोबाने आठ नंबर येतो. नऊ नाही. स्पोर्ट्स शूजमध्ये पुढे भरपूर जागा चालते म्हणून मी नऊ घालत आलो, राइडिंग बुटात ती सवय नडते.

दुकान एबी रोडच्या बाजूला आहे, पलासियाहून फार लांब नाही. ब्रँड आणि मॉडेल मुद्दाम टाकत नाहीये, कारण माझ्या चवड्याला बसलेला बूट तुमच्या चवड्याला बसेलच असं नाही, आणि मग लोक नाव वाचून थेट ऑर्डर करतात, मीही तेच केलं होतं. शनिवारी संध्याकाळी सातला गेलो. तिथला मुलगा बावीस-तेवीसचा असेल, मी नंबर सांगायच्या आत तो म्हणाला, "भिया, पहले मोज़े दिखाओ, गाड़ी पे यही पहनते हो क्या?" मी ऑफिसचे पातळ मोजे घालून गेलो होतो. त्याने जाड राइडिंगचे मोजे दिले आणि मगच पहिला डबा उघडला. तिथेच कळलं की योग्य माणसाच्या हाती आलोय.

चार जोड घालून बघितले. पहिला इटालियन, दिसायला एकदम भारी, पण करंगळी पाच मिनिटांत बधिर. इटलीत माँटेबेलुना नावाचा भाग आहे, बूट बनवण्यासाठीच प्रसिद्ध, मोटरसायकलचे बरेच चांगले बूट त्याच पट्ट्यातून येतात, पण तिकडच्या साच्यांपैकी बरेच अरुंद असतात आणि आपल्याकडे लहानपणापासून चपलेत मोकळा वाढलेला पाय, पुढून पसरट. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात, रुंदीसाठी लांबी वाढवतात, आणि मग टाच सैल होते, परत माझ्या पहिल्या बुटाचीच गोष्ट. रुंदी कमी पडली तर साचा बदला, म्हणजे दुसरा ब्रँड बघा, नंबर वाढवू नका. दुसरा जोड टाचेत सैल, लगेच बाजूला. तिसरा आणि चौथा यात खरी लढत होती.

टाच बघायची रीत त्या मुलाने दाखवली. आधी टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवायची, मग बकल खालून वर लावत जायचं, वरून खाली नाही, नाहीतर पाय पुढेच अडकून राहतो. मग चालताना टाच किंचित उचलते, तेवढं कोऱ्या बुटात चालतं कारण सोल अजून कडक असतो, पण आत पाय वर-खाली सरकतोय असं जाणवलं की तो बूट ठेवून द्यायचा. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, ब्रेक जोरात मारला की पाय पुढे जातो तेव्हा नखं आपटू नयेत म्हणून. आणि चवडा जिथे वाकतो, तिथेच बूट वाकला पाहिजे. मी खाली बसून बुटावरची घडी बघितली, तिसऱ्या जोडात ती माझ्या बोटांच्या सांध्याच्या पुढे पडत होती आणि प्रत्येक पावलाला कातडं वरून बोटांवर टोचत होतं. चौथ्यात बरोबर सांध्यावर. घोट्याचा कप हाताने दाबून बघितला, हाड आत गोल बसलेलं.

मग त्याने मला डिस्प्लेच्या गाडीवर बसवलं आणि म्हणाला बसा वीस मिनिटं, फोन बघा. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण दुकानात आपण उभं राहून बूट बघतो आणि वापरतो बसून. बसलं की गुडघा वाकतो, नडगी पुढे झुकते, पाऊल आणि नडगी जिथे जुळतात तिथे पुढून घडी पडते, आणि जे उभं राहून गादीसारखं वाटत होतं ते तिथे चिमटा काढायला लागतं. बुटाची वरची कड पोटरीत रुतते का तेही बसल्यावरच कळतं. डाव्या पायाने गिअर वर घेऊन बघा, खाली टाकून बघा, बुटाचं नाक लिव्हरखाली सहज जातंय का. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे आणि बुटाचं नाक जुन्या शूजपेक्षा जाड, त्यामुळे नंतर मेकॅनिककडून लिव्हर थोडा वर करून घेतला. पाच मिनिटांचं काम, पण बरेच जण करत नाहीत आणि बुटाला नावं ठेवतात. जाड सोलचा एक फायदाही झाला, गाडीची सीट ८०० मिलिमीटर उंच आहे, आता सिग्नलला दोन्ही पाय आधीपेक्षा जास्त टेकतात.

बुटाच्या जिभेच्या आत लेबल असतं तेही उलटून बघा. मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि ईएन १३६३४ असं लिहिलेलं हवं, हे दुचाकीच्या बुटांचं युरोपियन मानक आहे. २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे खाली चार आकडे येतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासला तर किती टिकेल त्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा बाजूने दाब आला तर, म्हणजे गाडी पायावर पडली तर सोल किती कडक राहील त्याचा. माझ्या जोडावर २-२-२-२ आहे. आयपीए असं लिहिलं असेल तर घोट्याचं संरक्षणही तपासलेलं आहे. फक्त "राइडिंग बूट" असा स्टिकर आहे आणि आत लेबलच नाही, असे जोड सर्रास विकले जातात, चार-पाच हजारात, दिसायला तसेच. ते बूट टाच आणि नाक धरून ओल्या टॉवेलसारखे पिळून बघा, सहज पिळले गेले तर गाडीखाली पायही तसाच पिळला जाणार.

साडेअकरा हजार दिले. घरी आणले आणि सात दिवसांत बदलून मिळणार होते, अट एकच की सोलला रस्त्याची धूळ लागलेली नको. मग घरातच घालून फिरायचं ठरवलं. आईला हे अजिबात पटेना, "आयुष्यभर चपला दाराबाहेर काढा म्हणत आले आणि आता तू बूट घालून देवघरासमोरून जाणार?" कोरे आहेत, अजून जमिनीला लागलेले नाहीत, असं दहा वेळा सांगितलं तेव्हा कुठे तिने हॉल आणि गच्चीवरचा जिना एवढी परवानगी दिली. रोज एक तास, चार दिवस. जिना उतरताना नखं पुढे लागतात का ते छान कळतं.

मग मांडूला गेलो धारवरून, रूपमती मंडपापर्यंत चढलो तेच बूट घालून, टाच शाबूत. चालताना थोडं करकरतात, दुसऱ्या दिवशी नडगीला पुढून जरा दुखलं, तिसऱ्या राइडला तेही गेलं. जानापावच्या डोंगरावर धो धो पावसात सापडलो, आत थेंब नाही, पण रेनपँट बुटाच्या वरून घालायची हं, आत खोचली तर पाणी पँटवरून थेट बुटात उतरतं आणि वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेरही जाऊ देत नाही, बादली होते. भिजले तर रद्दी कोंबून सावलीत ठेवा, उन्हात नाही, कातडं तडकतं. मे महिन्यातल्या दुपारी मात्र गरम होणार हे नक्की, ते वॉटरप्रूफ बुटांत येतंच, ज्यांना फक्त उन्हाळ्यात आणि शहरात चालवायचंय त्यांनी जाळीवाले बघावेत.

दुकानाबद्दल एकच खरी तक्रार आहे. ताई पण बुलेट चालवते, तिला घेऊन पुढच्या आठवड्यात गेलो तर तिच्या मापाचा एकही जोड नाही. पुरुषांचा सगळ्यात लहान नंबर काढून दिला, लांबी जमली, पण बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे मागे दोन बोटं जातील इतका सैल, पोटरीला वेगळाच त्रास. एवढ्या मुली आता इंदूरहून उज्जैन-महेश्वर स्वतः गाडी चालवत जातात, आणि त्यांच्यासाठी एक शेल्फ नाही, हे मला खरंच खटकलं. त्या मुलालाही वाईट वाटलं, त्याने तिचा पाय पुठ्ठ्यावर काढून घेतला, टाचेची रुंदीसुद्धा लिहिली, आणि मागवून फोन करतो म्हणाला. फोन अजून आलेला नाही, पुढच्या शनिवारी आम्ही दोघं परत जातोय.