नऊ त्रिक सत्तावीस, आणि माझा स्कोअर आला ३१

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. लाज वाटते, खरंच. हिशेबाचं काम करते मी, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढते, आणि मलाच एका ऑनलाइन सायकॉलॉजिस्टने ४०,५९९ ला गंडवलं. सायकॉलॉजिस्ट तरी कशाला म्हणायचं त्याला.

आई गेल्यापासून झोप उडाली होती. रात्री तीनला मोबाईल घेऊन बसलं की नेमकी जाहिरात यायची, एकटं वाटतंय का, आमचे तज्ज्ञ आत्ता ऑनलाइन आहेत. असल्या जाहिरातींच्या मागे काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, पण रात्री तीनला कोण शहाणं असतं हो. पहिला सेशन ४९९. बोलायला इतका गोड, "ताई, तुम्ही फार सोसलंय." पाऊण तास कोणीतरी मध्ये न तोडता माझं ऐकून घेतलं. घरात एवढं कोणी ऐकलं नव्हतं. आता ज्यांना हसायचंय त्यांनी हसा.

मग म्हणाला टेस्ट करावी लागेल, आमची स्वतःची डेव्हलप केलेली आहे, १,८००. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन मार्क. दुसऱ्या दिवशी रिझल्ट. "ताई, ३१ आलाय स्कोअर, सिव्हिअर आहे, लगेच सुरू नाही केलं तर पुढचं मी सांगू शकत नाही."

नऊ प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त तीन. नऊ त्रिक सत्तावीस. दुसरीतलं पोर सांगेल की ३१ येऊच शकत नाही. आणि मी, जिला तीन पैशांचा फरक दिसला तरी चैन पडत नाही, ती "सिव्हिअर" हा एक शब्द ऐकून रडत बसले आणि त्याच कॉलवर २४ सेशनचं पॅकेज घेतलं, २८,८०० ॲडव्हान्स. तो आकडा अजून रात्री डोळ्यांसमोर येतो. पैसे गेल्याचं एवढं नाही, गुणाकार केला नाही ह्याचं जास्त लागतं.

नंतर कळलं, ती टेस्ट म्हणजे पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली, कुणालाही फुकट वापरता येते. आणि ती फक्त चाळणी आहे, नुसत्या त्या स्कोअरवर कोणी निदान करत नाही. मी माझीच उत्तरं परत मोजली. १३. म्हणजे मध्यम.

२४ पैकी झाले सात. पाऊण तासाचे वीस मिनिटांवर आले. सातव्याला म्हणे तुमचा ट्रॉमा खोल आहे, इएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघातावर करतात ती थेरपी) लागेल, त्याचे वेगळे ९,५००. तेही भरले (बोला). तर काय, एक व्हिडिओ पाठवला, स्क्रीनवर ठिपका डावीउजवीकडे फिरतोय, तो बघत बसा. इएमडीआर खरी पद्धत आहे, फ्रान्सिन शपीरो ह्यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलेली, तिचे आठ टप्पे आहेत आणि पहिला टप्पा पेशंटचा पूर्ण इतिहास घेण्याचा. मला त्याने आईचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.

पैसे परत मागितले तर आवाजच बदलला. "ताई, सगळे सेशन रेकॉर्ड आहेत आमच्याकडे, विचार करून बोला." रेकॉर्डिंगला मी कधी हो म्हणलंच नव्हतं. त्या रात्री वाचत बसले, फिनलंडमध्ये २०२० मध्ये एका थेरपी सेंटरच्या चोरलेल्या नोंदींवरून हजारो पेशंटना धमक्या आल्या होत्या, २०० युरो द्या नाहीतर सगळं छापतो. म्हणजे हे होऊ शकतं. मी पंधरा दिवस तोंड उघडलं नाही.

मग तक्रारी. बँक म्हणाली ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय. ॲपवाले म्हणाले आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, आमचा संबंध नाही (कमिशन घेताना होता). पोलिसात दोन तास बसवलं आणि नंतर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "मॅडम, मानसिक म्हणजे गोळ्या चालू आहेत का?" फसवणूक राहिली बाजूला, माझीच तपासणी सुरू. आणि कहर म्हणजे सायकॉलॉजिस्टच्या नोंदणीचं ऑफिस. तिथे म्हणे हा माणूस आमच्याकडे रजिस्टर नाही, म्हणून आम्ही कारवाई करू शकत नाही. अहो, रजिस्टर नाही हीच तर तक्रार आहे! चार वेळा फोन केला, चारही वेळा तेच वाक्य, तिसऱ्यांदा तर फोन उचलणाऱ्याने जांभई दिली. खोट्या डॉक्टरवर कारवाई करायला तो आधी खरा असावा लागतो का?

तुम्ही कोणाकडे जाणार असाल तर आधी त्याचा नोंदणी नंबर मागा, आणि त्याने पाठवलेल्या फोटोवर नाही, स्वतः रजिस्टरमध्ये शोधा. काउन्सेलर, कोच, हीलर असलं नाव बऱ्याच ठिकाणी कोणीही लावू शकतं. पॅकेजचे पैसे आधी देऊ नका, एका वेळी एकच सेशन. सायकॉलॉजिस्ट म्हणवतो आणि स्वतःच गोळ्या सुचवतो, तर तिथेच थांबा, गोळ्या सायकिॲट्रिस्टकडून. अमुक सेशनमध्ये बरं करतो असं म्हणाला तर फोन ठेवा.

भावाच्या ओळखीने आता दुसरीकडे जाते, ऑनलाइनच. पहिल्या पाच मिनिटांत त्या बाईंनी विचारलं, आत्ता तुम्ही कुठे बसलाय, पत्ता काय, काही झालं तर मी कोणाला फोन करू. मग कोणती गोष्ट गुप्त राहील आणि जिवाला धोका वाटला तर कोणती सांगावी लागेल, ते वाचून दाखवून माझी संमती घेतली. त्या माणसाने सात सेशनमध्ये मी कुठे आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. पेमेंटचा स्क्रीनशॉट मात्र दर वेळी.

काल मेसेज आलाय. रिफंड विभाग, तुमचे ४०,५९९ मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे ९९९ भरा. आकडा पैशापर्यंत बरोबर. हा आकडा त्याच्याकडे होता, आणि तक्रारीत मी लिहून दिला होता. बाकी कोणाला नाही.