अडॅप्टिव्हचा डेटासेव्हर : तीन महिने वापरून

आमच्या मॉडेलमध्ये एका वारंवारतेचं उत्तर काढायला साधारण ४० सेकंद लागतात. पूर्वी मी समान अंतरावर ४०० बिंदू टाकून रात्री मशीन लावून झोपायचे. सकाळी बघावं तर रेझोनन्सचं, म्हणजे प्रतिसाद एकदम उसळतो तिथलं टोक नेमकं दोन बिंदूंच्या मधे सटकलेलं! पुढचे बिंदू कुठे घ्यायचे हे स्वतःच ठरवणाऱ्या, पायथनमधल्या ‘अडॅप्टिव्ह’ या मोफत लायब्ररीने ते दुखणं घालवलं. सपाट भागात मोजके बिंदू, टोकापाशी गर्दी. पण आज लिहायचंय ते तिच्यातल्या डेटासेव्हरबद्दल, म्हणजे उत्तरासोबतची जास्तीची माहिती जपणाऱ्या भागाबद्दल.

बिंदू निवडण्याचं काम लायब्ररीतला लर्नर-वन-डी करतो आणि फंक्शन जे उत्तर परत करतं, त्या सगळ्यावरून तो पुढचा बिंदू ठरवतो. मला मात्र त्याला फक्त उत्तराचा आकडा द्यायचा होता, आणि सॉल्व्हरने (समीकरणं सोडवणाऱ्या कोडने) किती फेऱ्या घेतल्या, शेवटी चूक किती उरली, हेही हवं होतं. आधी मी हुशारी केली : फंक्शनबाहेर एक लिस्ट ठेवली आणि आतून अपेंड करत राहिले. रन संपला, लिस्ट कोरी. फंक्शन धावतं वेगळ्या प्रोसेसमध्ये, तिथली लिस्ट तिथेच राहते. हे उमगायला दोन तास गेले.

डेटासेव्हरचं काम सरळ आहे. फंक्शनने डिक्शनरी (नावं लावलेल्या आकड्यांचा संच) परत करायची, लर्नर डेटासेव्हरमध्ये गुंडाळायचा आणि आर्ग-पिकर या त्याच्या सेटिंगमध्ये सांगायचं, यातला ‘वाय’ (उत्तराचा आकडा) तेवढा लर्नरला दे. अख्खी डिक्शनरी एक्स्ट्रा-डेटामध्ये त्या त्या एक्सच्या (बिंदूच्या) नावावर जमा होते. माझ्या जुन्या कोडच्या तीन ओळी बदलल्या, बस्स. सेव्ह केलं की हेही फाइलमध्ये जातं. फक्त लोड करण्याआधी तसाच गुंडाळलेला लर्नर पुन्हा बनवावा लागतो.

दुसऱ्याच दिवशी कष्ट वसूल झाले. आलेखात एके ठिकाणी टोक नसतानाही बिंदूंची झुंबड होती. फेऱ्यांचे आकडे काढले, तर तिथे सॉल्व्हर २०० फेऱ्यांची मर्यादा गाठून अर्धवट उत्तर टाकून पळत होता. त्या खोट्या खाचखळग्यांना लर्नर खरं मानून बिचारा तिथेच खणत बसला होता. नुसत्या ‘वाय’वरून मला हे जन्मात कळलं नसतं.

पण ‘अर्धवट’ अशी नोंद एक्स्ट्रा-डेटामध्ये केली म्हणून लर्नर तिकडे जायचा थांबत नाही. तो बघतो फक्त ‘वाय’. ते सॉल्व्हरमध्येच निस्तरावं लागलं. शिवाय सगळं मेमरीत साठतं. मी हावरटासारखी प्रत्येक बिंदूचा पूर्ण विस्थापनाचा अ‍ॅरे (आकड्यांची लांबलचक मालिका) परत करत होते, १६ जीबीचा लॅपटॉप गुदमरला. आता अ‍ॅरे डिस्कवर ठेवते आणि डिक्शनरीत फक्त फाइलचं नाव.