दीड लिटरचं इलेक्ट्रिक भांडं, चेन्नईचं पाणी आणि उडालेला फ्यूज

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात माझं स्वयंपाकाचं इलेक्ट्रिक भांडं बंद पडलं आणि त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवेने जी वागणूक दिली, त्यामुळे आता लिहितेच. कंपनीचं नाव घेत नाही. या मापाची, काचेच्या झाकणाची, लो-हाय बटणाची भांडी बाजारात कितीतरी नावांनी मिळतात, आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. वॅट, लिटर, आतलं स्टील कुठलं, हे खोक्यावर छापलेलं असतंच. घरापासून लांब, महिनोन्‌महिने रोज रात्री वापरल्यावर काय होतं ते मात्र मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे. ग्राहकाच्या प्लँटमध्ये नव्या मॉडेलचं काम सुरू झाल्यापासून मुक्काम श्रीपेरंबुदूरला. चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, बंगळुरू हायवेला. इरुंगाट्टुकोट्टई, ओरगडम हा सगळा पट्टा आपल्या चाकणसारखाच: कंटेनर, शिफ्टच्या बसेस, आणि संध्याकाळी सातला रस्त्यावर एकदम उसळणारी गर्दी. कंपनीने सर्व्हिस अपार्टमेंट दिलंय. ओटा आहे, सिंक आहे, फ्रिज आहे, गॅस नाही.

जेवणाची तक्रार करायची म्हणून भांडं घेतलं, असं नाही. दुपारी कँटीनमध्ये सांबार, रसम, पोरियल, कूटू, शेवटी ताक-भात, आणि तेही पोटभर. मला मनापासून आवडतं. अडचण रात्रीची. साडेआठला खोलीवर आल्यावर परत बाहेर पडून परोटा-सालना खायचा, किंवा ॲपवरून मागवायचं आणि भत्त्यातले दोनशे-अडीचशे रुपये घालवायचे, हे आठवडाभर चालतं, महिनोन्‌महिने नाही चालत. पोटाला नाही आणि खिशालाही नाही. मला रात्री वरण-भात, खिचडी, फार तर पिठलं एवढंच हवं होतं.

वॅटचा विचार आधी करा. हॉटेल किंवा अपार्टमेंटच्या खोलीत टेबलाजवळ बहुतेक वेळा ६ अँपिअरचा सॉकेट असतो; १६ अँपिअरचा एसीला नाहीतर गीझरला गेलेला असतो. ६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. १,५०० वॅटची किटली त्यावर लावणं बरोबर नाही. हे भांडं ६०० वॅटचं, म्हणजे तीन अँपिअरच्या आतच. लिटरभर पाणी उकळायला दहा मिनिटं घेतं, मोठी किटली चारेक मिनिटांत उकळते. मला घाई नव्हती.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे थर्मोस्टॅट. भांड्याच्या तळाखाली एक द्विधातूची चकती असते. तळ ठरावीक तापमानाच्या वर गेला की ती वाकते, ‘टिक’ असा आवाज येतो, लाल दिवा जातो. तळ थोडा निवला की परत टिक, परत दिवा. नवीन असताना हे फार छान चालायचं. भातातलं पाणी आटलं की टिक, म्हणजे भात झाला. उभं राहून बघायला नको. तेवढ्यात मी दिवसाचा रिपोर्ट संपवायचे.

दीडेक महिन्यानंतर ही टिक लवकर व्हायला लागली. आधी भातात थोडं पाणी राहायला लागलं. मग वरणाला रटरट उकळी असताना, डाळीचा दाणा न्‌ दाणा अख्खा दिसत असताना, टिक. दिवा गेला. पाच मिनिटांनी आला, दोन मिनिटं उकळलं, टिक. साडेआठला लावलेली डाळ सव्वादहाला कच्ची. दिवसभर लाइनवर उभं राहून आल्यावर अंधाऱ्या दिव्याकडे बघत बसायचं, याचा किती संताप येतो ते ज्यांनी सोसलंय त्यांना कळेल. झोपायची वेळ झाली तरी कान त्या टिककडे. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी सरळ ‘घेऊ नका’ सांगितलं असतं.

फोनवर आई म्हणाली, “अगं, मुगाची लाव. तुरीला कुकरच लागतो.” मूग लावली, तीही नीट मऊ होईना. हे मात्र मला पटेना. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांवर जात नाही, कुकरमध्ये ते १२० च्या आसपास जातं, हे खरं. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे पाणी ९८ लाच उकळतं. चेन्नईकडे जवळजवळ पूर्ण शंभरला. मग पुण्याला गंजात सहज शिजणारी मुगाची डाळ इथे का शिजू नये?

उत्तर अपार्टमेंटच्या केअरटेकर अण्णांनी दिलं, तेही भांडं न बघता. मी नळाच्या फिल्टरखाली डाळ धूत होते, ते म्हणाले, “नो नो मॅडम, कॅन वॉटर, कॅन वॉटर.” इथलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. नळाला लावलेला साधा फिल्टर गाळ काढतो, वास काढतो. विरघळलेले क्षार काढत नाही, त्याला आरओ लागतो. म्हणून इथे घरोघरी दारात वीस लिटरचे कॅन दिसतात. पिण्यालाही तेच, स्वयंपाकालाही तेच.

त्या रात्री भांडं नीट उजेडात धरलं. तळाचं स्टील दिसतच नव्हतं. करड्या-पांढऱ्या रंगाचा खरखरीत थर, मधोमध जाड, कडेला पातळ, नखाने खरवडला तर चुन्यासारखी भुकटी. घासणीने हा निघत नाही. वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं, अर्धं भांडं पाण्यात दोन चमचे टाकून उकळी आणली आणि बंद करून ठेवलं. थरावर सगळीकडून बारीक बुडबुडे यायला लागले, सोड्याच्या बाटलीसारखे, आणि अर्ध्या तासाने पापुद्रे सुटून पाण्यात तरंगत होते. ओतून धुतल्यावर खाली परत चकचकीत स्टील.

मग सगळा उलगडा झाला. क्षाराचा थर उष्णता पाण्यापर्यंत नीट जाऊ देत नाही. उष्णता तळातच अडकते, तळ जास्त तापतो, आणि थर्मोस्टॅट बिचारा आपलं काम चोख करत लवकर तोडतो. डाळीचंही तेच. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून ती कितीही उकळली तरी दाणा फुटत नाही. भात अपुरा राहणं आणि डाळ न फुटणं, दोन्हींचं मूळ एकच.

तेव्हापासून भांड्यात फक्त कॅनचं पाणी. चाळीस रुपयांचा कॅन मला एकटीला आठवडाभर पुरतो. टिक परत जागेवर आली आणि माझं मतही बदललं. भांडं चांगलंच आहे. राग आता वेगळ्या गोष्टीचा आहे: चोवीस पानी पुस्तिकेत पिवळ्या त्रिकोणातल्या पंधरा सूचना आहेत, केकची कृतीसुद्धा आहे, पण क्षाराबद्दल एक ओळ नाही. देशात बोअरचं पाणी वापरणारी कितीतरी माणसं हे भांडं घेणार, आणि त्यांना हे सांगायचं नाही?

आता माझं रोजचं बसलंय. तूरसुद्धा होते, पण अर्धा तास भिजवून. सकाळी भिजवून जाऊ नका. इथल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास मारतो. मी आल्या आल्या भिजवते, नऊला लावते, पाऊण तासात घोटण्याइतकी मऊ. तांदूळ इथे पोन्नी मिळतो, पण दुकानात विचारून घ्या. उकडा हवा की कच्चा, म्हणजे पुळुंगल की पच्चरिसी. उकड्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. फोडणी थोडी त्रासाची, कारण मोहरी तडतडायच्या आत टिक होते; झाकण ठेवून दुसऱ्यांदा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग तडतडते. पोहे उत्तम होतात. पिठलं होतं, पण सतत हलवावं लागतं.

साबुदाणा खिचडी मात्र होत नाही. आपल्या उपासाचा साबुदाणा मुळात इकडच्याच सेलमहून येतो, इथे तो जव्वरिसी म्हणून मिळतो आणि स्वस्त मिळतो, म्हणून चतुर्थीला मोठ्या हौसेने लावली. तळ सपाट, कोटिंग नाही, गोळा झाला. आता उपासाला साबुदाण्याची ताकातली पेज करते, ती छान होते.

झाकणाची वाफेची भोकं लहान आहेत, भात उतू जातो. वायर आखूड आहे. दोन्हींची सवय होते.

आणि मग गेल्या महिन्यात एका रात्री बटण दाबलं, दिवा लागलाच नाही. सॉकेट तपासला, चार्जर चालतोय. भांडं गार. वॉरंटी एक वर्षाची, शिल्लक होती. ग्राहक सेवेला फोन केला. आधी म्हणाले, सर्व्हिस सेंटरला न्या. चेन्नईतलं द्या म्हटलं, तर म्हणे तुमची नोंदणी पुण्याच्या पत्त्यावर आहे, तिकडेच न्यावं लागेल. मी सांगितलं की मी कामासाठी इकडे आहे, काम संपेपर्यंत जाणं होणार नाही. “मग कुरिअर करा, खर्च तुमचा.” जाऊन-येऊन कुरिअर म्हणजे भांड्याच्या निम्मी किंमत. पत्ता बदलून द्या म्हटलं, तर सिस्टिममध्ये होत नाही. म्हणजे प्रवासाचं, परगावी राहणाऱ्यांचं भांडं म्हणून जाहिरात करायची, आणि माणूस परगावी असताना वॉरंटी द्यायची नाही. मला या एका गोष्टीची जितकी चीड आली तितकी भांडं बंद पडल्याची आली नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार केली. ती कंपनीकडे गेली, आणि काही दिवसांनी कंपनीने उत्तर टाकलं, ‘ग्राहकाने वस्तू केंद्रात आणली नाही.’ पण एक गोष्ट शोधताना कळली आणि ती बाहेरगावी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. वस्तू कुठे घेतली याने अडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्कही नाही. म्हणजे पुण्यात घेतलेल्या भांड्याची तक्रार मी इथे कांचीपुरम जिल्ह्यात करू शकते. एकोणीसशेच्या भांड्यासाठी मी अजून तिथवर गेलेली नाही, पण फ्रिज, लॅपटॉप असेल तर नक्की जा.

तोपर्यंत बाहेरच्या जेवणावर भांड्याच्या किमतीएवढे पैसे जात आले होते. शेवटी बाजारात मिक्सर-ग्राइंडर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. छोटं दुकान, बाहेर वेट ग्राइंडरचे दगड रचून ठेवलेले. त्याने भांडं पालथं केलं, तीन स्क्रू काढले, मीटरच्या दोन पिना टेकवल्या आणि लगेच म्हणाला, “फ्यूज पोच्चु, मॅडम.” पांढऱ्या नळीत घातलेला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा थर्मल फ्यूज. हा एकदाच उडतो, परत जुळत नाही. थर्मोस्टॅटने दगा दिला किंवा तळ फारच तापला तर आग लागू नये म्हणून असतो. आत थर्मोस्टॅटच्या कडेला काळसर डाग होता. तेव्हा क्षाराच्या त्या दिवसांत तळ जो भाजला, त्याचाच हा परिणाम असावा असं मला वाटतं. त्याने जुन्या फ्यूजवर छापलेलं तापमान भिंगातून वाचलं, डब्यातून त्याच तापमानाचा शोधला, आणि सोल्डरचा डाग न देता धातूच्या कडीने दाबून बसवला. डाग दिला तर त्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडतो, हे त्याने खुणेने समजावलं. एकशे वीस रुपये, वीस मिनिटं. काही जण फ्यूजच्या जागी नुसती तार जोडतात; तसं कुणी करत असेल तर भांडं उचलून सरळ निघा.

वॉरंटी गेली अर्थात. भांडं तेव्हापासून रोज चालतंय, टिक वेळेवर होतेय.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक: चेन्नई–पुणे प्रवास वीस तासांच्या आसपास, आणि भांडं बॅगेतच असतं, म्हणून मोह होतो. डब्यातले सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरते आहेत, किटली किंवा असलं भांडं लावायला रेल्वेची बंदी आहे. लावू नका.

घ्यावं का? एकट्या माणसाला, तीन-चार महिन्यांहून लांब मुक्काम असेल आणि गॅस नसेल, तर हो. दोघांना पुरत नाही. एक लिटरचं घेऊ नका, खिचडी उतू जाते. बिल नोंदवताना पत्ता जिथे राहणार तिथलाच टाका. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व, मग पाणी कुठलंही असो. भांड्याला पाचपैकी चार, कंपनीच्या सेवेला शून्य. सेलमध्ये सोळाशेपर्यंत मिळतं, त्याहून जास्त देऊ नका.