कुत्र्या-मांजराचा दात काढावा की राखावा?

‘दात काढावा लागेल’ असे पशुवैद्यकांनी सांगितले, की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे मग हे जनावर खाणार कसे? ही चिंता खरे तर सर्वांत हलकी आहे. प्रौढ कुत्र्याला ४२ आणि मांजराला ३० दात असतात, आणि दुखरी दाढ गेल्यावर ही जनावरे बहुधा आधीपेक्षा मोकळेपणाने खाऊ लागतात. शिवाय ‘खातंय ना, मग दुखत नसेल’ हा तर्कही फसवा आहे, कारण दाढ ठणकत असली तरी कुत्रे एका बाजूने चावून पोट भरत राहते. विचार करायचा तो दाताच्या मुळाचा आणि भोवतालच्या हाडाचा.

दातांवर पिवळे-तपकिरी कीटण चढले आहे, तोंडाला वास येतो, हिरड्या लाल आहेत, पण दात घट्ट आहेत, अशा वेळी भूल देऊन हिरडीखालपर्यंत केलेली सफाई पुरेशी ठरू शकते. मुळाला धरून ठेवणारा आधार निम्म्याहून अधिक झिजला असेल किंवा दात बोटाने स्पष्ट हलत असेल, तर मात्र काढणेच योग्य असते. या दोहोंच्या मधल्या दातांबाबत मालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: घरी रोज ब्रश करणे जमणार आहे का? जमणार नसेल, तर राखलेला दात काही काळाने पुन्हा त्याच अवस्थेला येतो आणि भूल मात्र दोनदा द्यावी लागते. भूल न देता केलेली खरवड स्वस्त पडते, पण तिने दात केवळ वरून पांढरे दिसतात. रोग हिरडीखाली तसाच राहतो.

तुटलेल्या दाताचा हिशेब वेगळा आहे. मटणाची नळी फोडताना कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेचा कपचा उडणे हे नेहमीचे. ओठ वर करून पाहावे: तुटलेल्या जागी ताजा लाल ठिपका किंवा जुना काळा ठिपका दिसला, तर आतील नस उघडी पडली असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा रूट कॅनल आणि दात काढणे असे दोनच पर्याय उरतात, ‘थांबून पाहू’ हा तिसरा पर्याय मी धरत नाही. थांबल्यास डोळ्याखाली सूज येते, ती फुटते, प्रतिजैविकाने बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत परत येते, कारण संसर्गाचे मूळ दातातच असते. रूट कॅनलने दात टिकतो, म्हणून सुळ्यासारख्या मोठ्या आणि उपयोगी दातासाठी तो विचारात घ्यावा. मात्र त्याला खास साधने आणि सराव लागतो, आणि मराठवाड्यातल्या मालकाला त्यासाठी बहुधा पुणे-मुंबईचा प्रवास धरावा लागतो. दात काढणेही पकडीने उपटण्याइतके सोपे नसते. त्या मोठ्या दाढेला तीन मुळे असल्याने ती कापून वेगवेगळी काढतात आणि हिरडीला टाके घालतात.

पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याशेजारी उभा असेल, तर तो काढावाच. तिथे तुलनेला फारसा वाव नाही.

मांजरांमध्ये दात विरघळत जाण्याचा आजार आढळतो, आणि त्यावर सिमेंट भरून भागत नाही. एक्स-रे पाहून संपूर्ण दात काढायचा की केवळ वरचा भाग, हे ठरते. सबंध तोंड लालभडक सुजणाऱ्या आजारात दाढा किंवा सगळेच दात काढावे लागतात. ऐकायला हे क्रूर वाटते, पण त्यानंतर बहुतेक मांजरांना आराम पडतो. काहींना औषधे मात्र चालू ठेवावी लागतात.

‘म्हातारे आहे, भूल झेपणार नाही’ असे म्हणून निर्णय टाळण्यापेक्षा मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण नुसत्या वयापेक्षा या अवयवांची स्थिती महत्त्वाची असते. आपल्याकडे गोचीड तापाचा संशय विशेष धरावा लागतो: त्यात प्लेटलेट घटतात आणि दात काढल्यावर रक्त थांबेनासे होऊ शकते, म्हणून आधी तो ताप बरा करणे श्रेयस्कर. कारवान जातीचे कुत्रे असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अंगावर चरबी कमी असलेल्या शिकारी कुत्र्यांना काही भुलीच्या औषधांतून सावरायला वेळ लागतो. जवळच्या दवाखान्यात दातांच्या एक्स-रेची सोय नसेल, तर परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

दात काढल्यानंतर सुमारे दोन आठवडे हाडे आणि कडक खेळणी बंद ठेवावीत आणि मऊ अन्न द्यावे. मटणाच्या पाण्यात भिजवून कुस्करलेली ज्वारीची भाकरी कुत्र्याला चालते, फक्त त्या पाण्यात कांदा-लसूण नसावा. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलेच द्यावे. घरातल्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.