नळाला बसवलेले एरेटर: नऊ महिने वापरल्यानंतर

बेसिन, स्वयंपाकघराचं सिंक आणि बाथरूममधला बादलीचा नळ असे तीन एरेटर एकदमच घेतले. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला फिरवून बसवायची जाळी. ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार कमी पाण्यातही भरीव लागते.

बसवण्याआधी एक लिटरचं मापटं आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसलो. बेसिनच्या नळाखाली मापटं ५ सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. जाळी लावल्यावर त्यालाच १५ सेकंद लागले, म्हणजे ४ लिटर. तोंड धुताना, हात धुताना फरक जाणवतसुद्धा नाही. इथे पूर्ण गुण.

बादलीच्या नळावर मात्र मी शुद्ध वेडेपणा केला. बादली वीस लिटरची, ती भरायला तेवढंच पाणी लागणार, जाळी असो वा नसो. वाढला तो फक्त ताटकळण्याचा वेळ, आणि घरच्यांची बोलणी वेगळीच. आठवड्यात काढून टाकली. तुमच्याकडे गॅस गिझर असेल तर आणखी जपा. प्रवाह फार कमी झाला की तो पेटतच नाही.

दाबाचाही विचार आधी करा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर हाती जेमतेम ०.३ बार. सिंकवर माझी नेमकी हीच गत झाली. फेसाळ धारेची जाळी तिथे नुसती रडायची. फवाऱ्याची घेतली, मग काम भागलं.

तिसऱ्या महिन्यात बेसिनची धार वाकडी झाली. पाणी जड असल्याने जाळीत क्षार बसले होते. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासली की पुन्हा नव्यासारखी होते. आता दर दोन महिन्यांनी हे करावंच लागतं. खोक्यावर याबद्दल अवाक्षर नाही.

खरा धक्का दिला तो मीटरने. जाळ्या लावूनही महिन्याचा आकडा फारसा हलेना. म्हणून एका रात्री ११ वाजता आणि सकाळी ६ वाजता रीडिंग घेतलं. मधल्या काळात कोणी नळ उघडला नव्हता, तरी ८४ लिटर गेले होते! फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला. अर्ध्या तासात, फ्लश न करताच, भांड्यात रंग उतरला. आतलं रबरी वॉशर कडक होऊन गळत होतं. दिवसाला २८८ लिटर, आणि आवाज अजिबात नाही. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली.

तेव्हा रंगाची चाचणी आधी, खरेदी नंतर. बेसिनसाठी जाळी डोळे मिटून घ्या. बादलीच्या नळाची काढलेली जाळी बेसिनच्याच मापाची निघाली, त्यामुळे एक व्हिनेगरमध्ये भिजत असते तेव्हा दुसरी नळावर असते.