काट्यावरच्या कॉम्प्युटरला किती अधिकार द्यावेत? क्लाउडवरच्या रॅबिटएमक्यूचा कापूस हंगामातला अनुभव

मेसेज क्यूबद्दल (एका प्रोग्रामचे संदेश दुसऱ्याला पोचेपर्यंत रांगेत धरून ठेवणारी सोय) मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात वेग आणि किंमत यांचीच चर्चा असते. यूजर खाती कशी काढायची, कोणाला काय करू द्यायचं, हा भाग दोन ओळींत संपतो. गावाकडे हीच बाब सगळ्यात आधी समोर येते. म्हणून हा अनुभव फक्त खाती आणि परवानग्यांबद्दल लिहितो आहे.

आमचं काम वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट-समुद्रपूरच्या पट्ट्यात. एका शेतकरी उत्पादक कंपनीची कापूस खरेदी वेगवेगळ्या गावांतल्या काट्यांवर होते. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याचा आकडा, ग्रेडरचा शेरा, एवढं मिळून एक काटापट्टी तयार होते. ती जिनिंगच्या कचेरीत पोचली पाहिजे, हिशेबात चढली पाहिजे आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप गेला पाहिजे. लाइन गेली तर काटा इन्व्हर्टरवर चालतो, पण नेट जातं. तेवढा वेळ पट्टी काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्येच साठते आणि नेट आलं की क्लाउडवर जाते. कचेरीतलं कॉम्प्युटर बंद असलं तर ती क्यूमध्ये थांबते. हे सगळं उत्तम चाललं. दोन वेचण्यांच्या मधल्या ऐन गर्दीतही एकही पट्टी हरवली नाही.

क्यूसाठी रॅबिटएमक्यू हे सॉफ्टवेअर वापरतो, स्वतःच्या सर्व्हरवर नाही, भाड्याने घेतलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतोय ते रॅबिटएमक्यू चालवणाऱ्या कुठल्याही सेवेला लागू पडतं.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की इथे लॉगिनचे दोन वेगळे थर असतात. क्लाउड कंपनीच्या पॅनेलचं लॉगिन एक: त्यातून सेवा सुरू होते, बंद होते, बिल भरलं जातं. ब्रोकरच्या, म्हणजे संदेश सांभाळणाऱ्या रॅबिटएमक्यूच्या, आतले यूजर वेगळे, आणि संदेश पाठवणं-घेणं त्यांच्याच नावावर चालतं. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेत असं नाही. तिथे ब्रोकरचा वेगळा यूजर नसतोच, आयएएमच्या (तिथली खाती-परवानग्यांची व्यवस्था) धोरणातच संदेश पाठवणं, घेणं आणि पुसणं यांच्या वेगवेगळ्या परवानग्या लिहायच्या. आम्ही दोन्ही पाहिलं. रॅबिटएमक्यू निवडलं, कारण एकाच पट्टीच्या प्रती हिशेबाला, निरोपाला आणि गोदामाला अशा वेगवेगळ्या क्यूंमध्ये वाटणं तिथे एक्सचेंज (संदेश आधी येतो ती जागा) आणि बाइंडिंगने (तिथून क्यूकडे जाणारी जोडणी) सरळ होतं. एसक्यूएसला त्यासाठी आणखी एक सेवा जोडावी लागते. शिवाय एसक्यूएसमध्ये न उचललेला संदेश मुळात ४ दिवस राहतो, मुदत वाढवली तरी १४ दिवसांच्या वर नाही.

आता मुख्य विषय. रॅबिटएमक्यूत नवा यूजर काढला की त्याला काहीच करता येत नाही, आणि हे फार चांगलं आहे. त्याला एखाद्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (ब्रोकरमधला वेगळा कप्पा) परवानगी द्यावी लागते, आणि ती तीन प्रकारची असते: कन्फिगर, राइट आणि रीड. कन्फिगर म्हणजे क्यू किंवा एक्सचेंज काढणं आणि मोडणं. राइट म्हणजे एक्सचेंजला संदेश देणं. रीड म्हणजे क्यूमधून संदेश घेणं. प्रत्येक ठिकाणी नावाचा नमुना लिहायचा, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन. त्या नमुन्यात बसणाऱ्या नावांपुरताच अधिकार.

रॅबिटएमक्यूच्या मॅनेजमेंट पॅनेलमधल्या परवानगीच्या फॉर्मात मात्र तिन्ही रकान्यांत आधीपासूनच .* (कुठल्याही नावाला जुळणारा नमुना) भरलेलं असतं. बटण दाबलं की त्या होस्टमधलं सगळं खुलं. नवीन माणूस घाईत असला तर हमखास तसंच दाबतो. हा फॉर्म रिकामा यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात काट्यावरचं कॉम्प्युटर हंगामात चार हातांतून फिरतं, तिथे त्या कॉम्प्युटरला अख्ख्या हिशेबाचा अधिकार असणं परवडत नाही.

आमच्याकडे प्रत्येक काट्याला स्वतःचं खातं आहे. माणसाला नाही, यंत्राला. मापारी हंगामापुरते येतात, मधेच बदलतात, कोणाच्या घरी लग्न निघालं तर त्याचा भाऊ बसतो. कोणी वजन केलं ते पट्टीच्या आत त्याच्या पिनवरून नोंदलं जातं, ब्रोकरला त्याच्याशी देणंघेणं नाही. काट्याच्या खात्याला कन्फिगर रिकामं, रीड रिकामं आणि राइटमध्ये फक्त ^आवक$, म्हणजे आवक नावाचं एकच एक्सचेंज. (प्रत्यक्षात नावं रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला सोपी म्हणून देवनागरीत.) हिशेबाच्या प्रोग्रामला रीड ^हिशेब$. नमुन्याच्या दोन्ही टोकांची ती चिन्हं (^ म्हणजे नावाची सुरुवात, $ म्हणजे शेवट) गाळायची नाहीत. ती नसली तर नुसतं ‘हिशेब’ हे ‘जुना-हिशेब’ आणि ‘हिशेब-चाचणी’ यांनाही लागू होतं. म्हणून क्यूंची नावं आधी कागदावर ठरवावीत, खाती नंतर काढावीत. नावं जशी सुचतील तशी पडली, तर पुढे कुठलाच नमुना स्वच्छ बसत नाही.

पण एवढ्यानं एक भोक राहतं. आवक या एक्सचेंजला लिहिता येणारा समुद्रपूरचा काटा हिंगणघाटच्या नावाने पट्टी पाठवू शकतो, कारण राइट परवानगी एक्सचेंजच्या नावावर थांबते, राउटिंग की (संदेशावरचा पत्ता) बघत नाही. इथे टॉपिक परवानगी कामाला येते. ही सोय ३.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे, आणि फक्त टॉपिक प्रकारच्या, म्हणजे राउटिंग कीच्या नमुन्यावरून संदेश वाटणाऱ्या, एक्सचेंजला लागू होते. राउटिंग कीलाही नमुना लावता येतो, आणि त्यात महिरपी कंसात यूजरनेम हा शब्द रोमन लिपीत लिहिला की त्या जागी खात्याचं नाव आपोआप बसतं. त्यामुळे सगळ्या काट्यांना एकच नमुना पुरतो: की आपल्या खात्याच्या नावाने सुरू झालीच पाहिजे. एखाद्या शेतकऱ्यानं ‘भाऊ, माझी गाडी तं तुमच्या काट्यावर आलीच नाही जी’ म्हटलं, तर पट्टी कुठल्या काट्यावरून निघाली हे छातीठोक सांगता येतं. आमच्यासाठी या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट. ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की टॉपिक परवानगी लिहिलीच नाही तर रॅबिटएमक्यू कुठलीही राउटिंग की चालवून घेतं. इथे मुळातला नियम बंद नाही, खुला आहे.

रीड परवानगीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिचं नाव वाचून माणूस निर्धास्त होतो. रीड असलेला यूजर क्यूमधले संदेश बाहेर काढू शकतो, आणि क्यू पूर्ण रिकामीही करू शकतो. पर्जसाठी (क्यू अशी रिकामी करायला) रीडच लागतं. कचेरीतल्या दिवाणजींना किती पट्ट्या थांबल्या आहेत ते रोज बघायचं असतं. त्यांच्या खात्याला मॅनेजमेंट हा टॅग दिला आणि तिन्ही परवानग्यांत ^$ ठेवलं, म्हणजे कशालाच न जुळणारा नमुना. त्यांना पॅनेलमध्ये क्यूंची यादी आणि आकडे दिसतात, हात मात्र कशालाच लागत नाही. टॅग आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅगवर ठरतं पॅनेलमध्ये काय दिसेल ते, संदेशांवरचा अधिकार परवानगीवर ठरतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर टॅग आमच्याकडे दोनच खात्यांना आहे आणि त्यातलं कुठलंही कुठल्याच प्रोग्राममध्ये लिहिलेलं नाही.

निरोप पाठवण्याचं काम बाहेरच्या एका व्यावसायिकाकडे आहे. त्याला निरोप या एकाच क्यूचं रीड दिलं आणि त्या क्यूमध्ये मोबाइल नंबर आणि मजकूर याशिवाय काही जातच नाही. बँक खातं नाही, चुकाऱ्याची रक्कम नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, पण कायदा नसता तरी शेतकऱ्यानं विश्वासानं दिलेली माहिती जपणं आपलं कामच आहे. त्या व्यावसायिकाचा प्रोग्राम सुरू होताना क्यू स्वतः काढायला बघायचा, आणि कन्फिगर नसल्यानं ४०३ चा (परवानगी नाही असा) नकार मिळून चॅनेल (कनेक्शनच्या आतली संदेशांची वाट) बंद व्हायचं. क्यू आधीच असली तरी ती नेहमीच्या पद्धतीनं जाहीर करायला कन्फिगर लागतं. पॅसिव्ह पद्धतीनं, म्हणजे ‘आहे का’ एवढंच विचारायला, लागत नाही. त्याच्या प्रोग्राममध्ये तेवढा बदल करून घेतला. ‘सगळे अधिकार द्या, लगेच चालेल’ असा सल्ला अशा वेळी नक्की मिळतो. तो ऐकू नये.

काही गोष्टी खटकल्या. बदललेली परवानगी चालू कनेक्शनला लगेच लागू होईलच असं नाही. तपासणीचा निकाल कनेक्शन किंवा चॅनेलपुरता साठवलेला असू शकतो. पासवर्ड तर जोडताना एकदाच तपासला जातो, म्हणजे तो बदलला तरी जुनं कनेक्शन चालूच राहतं. एका काट्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी नागपूरला न्यायचं होतं, तेव्हा त्या खात्याचा पासवर्ड बदलून त्याचं कनेक्शन पॅनेलमधून हाताने तोडलं. बाकीच्या काट्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, रांग तशीच चालू राहिली. सगळ्यांचं खातं एकच असतं तर त्या दुपारी सगळीकडचे काटे थांबले असते.

दुसरं, एका यूजरला एका वेळी एकच पासवर्ड असतो. आयएएममध्ये एका यूजरला दोन चाव्या ठेवता येतात, त्यामुळे नवी लावून मग जुनी काढता येते. इथे तसं करायचं तर दुसरं खातं काढून सावकाश तिकडे सरकावं लागतं, आणि खात्याच्या नावावर टॉपिक परवानगी बांधली असली तर ते जास्त कटकटीचं होतं. आम्ही पासवर्ड रात्री, काटा बंद झाल्यावर बदलतो.

तिसरं, गट नाहीत. दहा काटे असले तर दहा वेळा तीच परवानगी, आणि चाचणीचा होस्ट वेगळा असला तर तिथे पुन्हा. भाड्याच्या सेवेत सर्व्हरची कमांड लाइन आम्हाला मिळत नाही, म्हणून एचटीटीपी एपीआयवर (नेटवरून ब्रोकरला हुकूम द्यायची सोय) एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. काट्यांची यादी दिली की खाती आणि परवानग्या तीच लावते. डेफिनिशन्सची जेसन फाइल दर आठवड्याला उतरवून घेतो. तिच्यात यूजर, परवानग्या, क्यू सगळं येतं. पासवर्डचे हॅशही (गुंतवून ठेवलेली रूपं) येतात, म्हणून ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची नाही.

कोणी कधी परवानगी बदलली याचा इतिहास पॅनेलमध्ये दिसत नाही. त्यासाठी इव्हेंट एक्सचेंज नावाचं प्लगइन आहे. सेवा घेण्याआधी ते चालू करून मिळेल का, एवढं नक्की विचारा. सोबत ५६७१ या पोर्टवर टीएलएस (मजकूर झाकून नेणारी जोडणी) आहे ना, तेही बघा. साध्या ५६७२ वरून पासवर्ड उघडा जातो, आणि काट्यांवरचं नेट बहुतेक कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं.

फरदड (मुख्य वेचण्यांनंतर पुन्हा फुटलेला कापूस) संपून काटे बंद झाले की त्या खात्यांच्या परवानग्या काढून टाकतो, खाती ठेवतो. मे-जूनमध्ये काट्याचं कॉम्प्युटर कोणाच्या घरी, कोणाच्या दुकानात असतं, त्या काळात त्याला ब्रोकरचं दार बंद असलेलं बरं. दसऱ्याच्या आसपास, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिली वेचणी सुरू व्हायच्या आत, यादीत नवे काटे घालून स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि प्रत्येक काट्यावरून एक चाचणी पट्टी आपल्या नावाने व एक मुद्दाम शेजारच्या काट्याच्या नावाने पाठवून बघायची. दुसरीला ४०३ आलं तरच काटा सुरू करायचा.